विश्लेषण : वाकड्यातिकड्या अक्षरांचेही पेटंट? हस्ताक्षर वाचणाऱ्या यंत्रांमागची मालकीची लढाई काय आहे?

हाताने लिहिलेला मजकूर यंत्राला वाचता यावा, यासाठी त्याला मोत्यासारखी अक्षरे दाखवून भागत नाही. त्याला तिरकी, दबलेली, शाई फुटलेली, घाईघाईत गिरवलेली अक्षरे दाखवावी लागतात आणि तीही हजारोंनी. इतकी बिघडलेली अक्षरे माणसांकडून लिहून घेणे खर्चिक आणि वेळखाऊ. म्हणून संगणकालाच चांगली अक्षरे 'बिघडवायला' लावण्याची युक्ती निघाली. आज कोणत्याही अभियांत्रिकी महाविद्यालयातील विद्यार्थी चार ओळींच्या कोडमध्ये हे करतो. पण या युक्तीवर आणि तिच्या आसपासच्या तंत्रांवर एकेकाळी पेटंटे घेतली गेली. हस्ताक्षर ओळखण्याच्या तंत्रावरून दोन बड्या अमेरिकी कंपन्या तर नऊ वर्षे न्यायालयात भांडल्या. या वादांचा अर्थ काय आणि मराठीशी त्यांचा काय संबंध, याचा हा आढावा.

यंत्राला 'वाईट' अक्षरे कशाला हवीत?

हस्ताक्षर ओळखणारी प्रणाली उदाहरणांवरून शिकते. 'हा ५ आहे', 'हा ७ आहे' असे सांगत तिला हजारो चित्रे दाखवली जातात. तिने फक्त नीटनेटके आकडे पाहिले असतील, तर बँकेच्या चेकवरचा घाईत लिहिलेला आकडा समोर येताच ती गडबडते.

याचे प्रसिद्ध उदाहरण म्हणजे 'एमनिस्ट' हा हस्तलिखित आकड्यांचा संग्रह. अमेरिकेतील 'निस्ट' या मानके ठरवणाऱ्या सरकारी संस्थेकडे आकड्यांचे दोन संच होते. एक तिथल्या जनगणना विभागाच्या कर्मचाऱ्यांनी लिहिलेला, दुसरा शाळकरी मुलांनी लिहिलेला. कर्मचाऱ्यांचे आकडे स्वच्छ होते, मुलांचे बरेच ओबडधोबड. एका संचावर शिकवून दुसऱ्यावर परीक्षा घेतली, तर निकालाला फारसा अर्थ उरत नव्हता. म्हणून संशोधकांनी दोन्ही संच मिसळून शिकवण्यासाठी ६० हजार आणि परीक्षेसाठी १० हजार नमुन्यांचा नवा संग्रह केला. पुढची अनेक वर्षे जगभरातील संशोधकांनी आपापल्या प्रणाली याच संग्रहावर तपासल्या.

बिघडलेली अक्षरे तयार कशी करतात?

सर्वांत सोपा मार्ग भूमितीचा. मूळ चित्र थोडे डावीकडे-उजवीकडे सरकवायचे, किंचित फिरवायचे, ताणायचे, दाबायचे, तिरके करायचे. प्रत्येक वेळी किती बदल करायचा, हे संगणक यादृच्छिक पद्धतीने, म्हणजे फासा टाकल्यासारखे ठरवतो. एका 'क'चे असे शंभर 'क' होतात. अक्षर तेच राहते, वळण बदलते. या पद्धतीला 'डेटा ऑगमेंटेशन' म्हणतात.

यान लकून आणि सहकाऱ्यांनी १९९८च्या शोधनिबंधात हे करून दाखवले. एमनिस्टच्या ६० हजार मूळ चित्रांमध्ये त्यांनी ५ लाख ४० हजार कृत्रिमरीत्या बिघडवलेली चित्रे मिसळली. चुकांचे प्रमाण ०.९५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आले. म्हणजे १० हजार आकड्यांमागे ९५ऐवजी सुमारे ८० चुका. फरक छोटा वाटतो, पण दिवसाला लाखो चेक वाचणाऱ्या यंत्रासाठी तो मोठा असतो.

२००३मध्ये मायक्रोसॉफ्ट रिसर्चमधील पॅट्रिस सिमार्ड आणि सहकाऱ्यांनी पुढचे पाऊल टाकले. रबरी पत्र्यावर अक्षर काढून तो पत्रा जागोजागी थोडाथोडा ओढावा, तसे त्यांनी चित्रातील प्रत्येक बिंदू वेगवेगळा हलवला. लिहिताना हाताच्या स्नायूंमुळे होणारी थरथर या 'इलास्टिक' पद्धतीने बरीचशी जमली. चुका ०.४ टक्क्यांवर आल्या.

मात्र बिघडवण्यालाही मर्यादा असते. 6 हा इंग्रजी आकडा उलटा केला की 9 होतो. देवनागरीतील ३ आरशात पाहिला की ६सारखा दिसतो. 'घ'ची शिरोरेषा जरा तुटली की तो 'ध' वाटू लागतो, 'म' आणि 'भ' यांचेही तसेच. चित्र बदलताना अक्षरच बदलले, तर यंत्र चुकीचाच धडा गिरवते. त्यामुळे किती आणि कसे बिघडवायचे, हेच खरे कौशल्य आणि पेटंट मागणाऱ्यांचा दावाही त्याच कौशल्यावर असतो.

यावर पेटंट कोणी घेतले?

बेल लॅब्जमधील हेन्री बेअर्ड हे या विषयातील सुरुवातीचे महत्त्वाचे नाव. छपाई, झेरॉक्स आणि स्कॅनिंगमध्ये अक्षरांचे काय होते, याचा त्यांनी गणिती आराखडा मांडला. शाई पसरणे, कडा धूसर होणे, ओळ तिरपी जाणे, बिंदू थोडे इकडेतिकडे सरकणे, अशा दोषांना त्यांनी आकड्यांत बसवले. मग आदर्श अक्षरावर ते दोष यादृच्छिक प्रमाणात लादून हवे तितके सदोष नमुने तयार करता येऊ लागले. त्यांचा भर मुख्यतः छापील अक्षरांवर होता, पण तत्त्व हस्ताक्षरालाही लागू पडणारे होते.

सदोष प्रतिमा तयार करून त्या प्रतिमा-विश्लेषणासाठी वापरण्याच्या या पद्धतीसाठी जून १९९०मध्ये अमेरिकेत पेटंटचा अर्ज दाखल झाला. पेटंट मिळाले ऑगस्ट १९९८मध्ये, म्हणजे आठ वर्षांनी. ते ल्युसेंट टेक्नॉलॉजीज या कंपनीच्या नावावर लागले.

मधल्या आठ वर्षांत हे क्षेत्र कुठल्या कुठे गेले होते. कृत्रिम नमुने बनवणे ही प्रयोगशाळांमधील रोजची गोष्ट झाली होती. अर्ज प्रलंबित असताना तंत्र सर्वदूर पसरते आणि मग एके दिवशी त्यावर कुणाची तरी मालकी जाहीर होते. पेटंटच्या अनेक वादांचे मूळ याच अंतरात असते. त्या काळच्या अमेरिकी पद्धतीत प्रलंबित अर्ज प्रसिद्ध होत नसत. त्यामुळे पेटंट मंजूर होईपर्यंत इतरांना त्याचा पत्ताही लागत नसे. असा अर्ज १८ महिन्यांनंतर प्रसिद्ध करण्याची पद्धत तिथे पुढे आली.

एका प्रयोगशाळेचे ज्ञान वेगवेगळ्या कंपन्यांत कसे विखुरले?

बेअर्ड आणि लकून दोघेही बेल लॅब्जचे. तिची मालक कंपनी एटी अँड टी १९९६मध्ये विभागली गेली आणि एकाच छताखालचे ज्ञान वेगवेगळ्या घरांत गेले. ल्युसेंट वेगळी झाली. एनसीआर ही बँकांना यंत्रे पुरवणारी कंपनीही वेगळी झाली. लकून एटी अँड टीकडेच राहिले.

पण ज्या 'कन्व्होल्युशनल न्यूरल नेटवर्क'मुळे लकून ओळखले जातात, त्याची पेटंटे एनसीआरकडे गेली. कारण चेक वाचणारी यंत्रे एनसीआर विकत होती. परिणामी तंत्र ज्यांनी घडवले त्यांच्याकडे त्याचे हक्क नव्हते आणि हक्क ज्यांच्याकडे होते, त्यांच्याकडे ते तंत्र पुढे नेणारी माणसे नव्हती. लकून यांनी हा किस्सा नंतर जाहीरपणे सांगितला आहे. २००७मध्ये पेटंटची मुदत संपली, तेव्हा आपण आनंद साजरा केल्याचेही त्यांनी म्हटले आहे. आज फोनमधील चेहरा ओळखण्यापासून वैद्यकीय प्रतिमांच्या तपासणीपर्यंत हे तंत्र सर्वत्र आहे.

झेरॉक्स आणि पाम यांच्यातील खटला काय होता?

यंत्राला वाईट अक्षर शिकवणे हा एक मार्ग. दुसरा मार्ग नेमका उलटा : माणसालाच यंत्राला कळेल असे लिहायला लावणे. या क्षेत्रातील सर्वाधिक गाजलेला खटला या दुसऱ्या मार्गावरून झाला आणि पेटंटचे भांडण प्रत्यक्षात कसे चालते, हे त्यातून नीट कळते.

झेरॉक्सच्या पालो अल्टो येथील संशोधन केंद्रातील डेव्हिड गोल्डबर्ग यांनी 'युनिस्ट्रोक्स' ही लिपी तयार केली. तिच्यात प्रत्येक अक्षर लेखणी न उचलता एकाच फटक्यात काढायचे. लेखणी उचलली की अक्षर संपले. त्यामुळे एक अक्षर कुठे संपते आणि दुसरे कुठे सुरू होते, हा यंत्रापुढचा सर्वांत अवघड प्रश्नच मिटला. अक्षरे एकावर एक गिरवली तरी चालत होती, त्यामुळे छोटासा पडदाही पुरत होता. झेरॉक्सला याचे पेटंट जानेवारी १९९७मध्ये मिळाले.

तोपर्यंत बाजारात पाम कंपनीचे 'पायलट' हे तळहाताएवढे यंत्र आले होते. त्यातील 'ग्राफिटी' ही लेखनपद्धतीही बहुतांशी एका फटक्याची होती. एप्रिल १९९७मध्ये झेरॉक्सने खटला दाखल केला. पुढचा प्रवास असा :

२००० : कनिष्ठ न्यायालयाने पामच्या बाजूने निकाल दिला. ग्राफिटीमुळे पेटंटचा भंग होत नाही, असे सांगितले.

२००१ : अपील न्यायालयाने प्रकरण परत पाठवले. वर्षअखेरीस कनिष्ठ न्यायालयाने भंग झाल्याचे मान्य केले.

२००३ : अपील न्यायालयाने भंगाचा निष्कर्ष कायम ठेवला, पण मुळात पेटंट वैध आहे का, हे पुन्हा तपासायला सांगितले.

२००४ : कनिष्ठ न्यायालयाने पेटंटच अवैध ठरवले. अशा कल्पना आधीच उपलब्ध होत्या, असे कारण दिले. झेरॉक्स पुन्हा अपिलात गेली.

२००६ : दोन्ही कंपन्यांनी तडजोड केली. पामने झेरॉक्सला २ कोटी २५ लाख डॉलर दिले आणि सात वर्षे एकमेकांवर ठरावीक क्षेत्रांत पेटंटचे दावे न करण्याचे ठरले.

या सगळ्यात ग्राहकाचे काय झाले? खटला सुरू असतानाच २००३मध्ये पामने ग्राफिटी सोडून 'ग्राफिटी २' आणली. तिच्यात 'टी', 'आय', 'के' यांसारखी काही अक्षरे दोन फटक्यांत काढावी लागत. वर्षानुवर्षे जुन्या पद्धतीची सवय झालेल्या लोकांना आपला हात नव्याने वळवावा लागला. ज्या पेटंटच्या दबावाखाली हा बदल झाला, ते पेटंट पुढच्याच वर्षी न्यायालयाने अवैध ठरवले, पण जुनी पद्धत काही नव्या यंत्रांवर परतली नाही.

मग वाकडे अक्षर कुणाच्या मालकीचे असू शकते का?

नाही. अक्षर किंवा त्याचा दोष यांवर पेटंट मिळत नाही. पेटंट मिळते ते विशिष्ट पद्धतीवर आणि तिची हद्द ठरते ती पेटंटच्या शेवटी क्रमांकाने दिलेल्या 'दाव्यां'वरून. शेतजमिनीच्या मोजणीत बांध कुठे आहे यावरून भांडण होते, तसेच इथे शब्दांच्या अर्थावरून होते. झेरॉक्स-पाम खटल्यातही एक खूण दुसरीपासून 'स्पष्ट वेगळी' असणे म्हणजे काय, लेखणी उचलताच अक्षर ओळखले जाते म्हणजे नेमके केव्हा, अशा शब्दांवर वर्षे गेली.

प्रतिवादीकडे सहसा तीन उत्तरे असतात. पहिले, आम्ही तुमच्या दाव्यातील प्रत्येक पायरी वापरतच नाही. दाव्यात पाच पायऱ्या असतील आणि त्यातली एक जरी वेगळी असेल, तर शब्दशः भंग होत नाही. दुसरे, हे आधीच माहीत होते. याला 'प्रायर आर्ट' म्हणतात. अर्जाच्या आधीचा एखादा शोधनिबंध, प्रबंध किंवा विकले गेलेले यंत्र पुरावा म्हणून पुढे येते. तिसरे, ही निव्वळ अमूर्त कल्पना किंवा गणित आहे.

हे तिसरे उत्तर गेल्या काही वर्षांत अमेरिकेत भारी पडू लागले आहे. २०१४च्या 'अ‍ॅलिस' निकालात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की अमूर्त कल्पना नेहमीच्या संगणकावर चालवली एवढ्यावर पेटंट मिळत नाही. एप्रिल २०२५मध्ये 'रिसेन्टिव्ह विरुद्ध फॉक्स' प्रकरणात तिथल्या फेडरल अपील न्यायालयाने तेच सूत्र मशीन लर्निंगला लावले. प्रचलित मशीन लर्निंग नव्या प्रकारच्या डेटावर वापरले, पण मशीन लर्निंगच्या तंत्रात सुधारणा दाखवली नाही, तर पेटंट टिकणार नाही, असे न्यायालयाने म्हटले. 'आम्ही बिघडवलेली अक्षरे दाखवून यंत्र शिकवले' एवढाच दावा घेऊन आज कुणी गेले, तर त्याची वाट अवघड आहे.

भारतात नियम काय?

भारतीय पेटंट कायदा, १९७०च्या कलम ३ (के) नुसार गणिती पद्धत, व्यवसायाची पद्धत, अल्गोरिदम आणि निव्वळ संगणक प्रोग्राम यांना शोध मानले जात नाही. अक्षर फिरवण्याचे किंवा ताणण्याचे सूत्र हे गणित आहे. त्यावर एकट्यावर इथे पेटंट मिळणे कठीण.

पण 'निव्वळ' हा शब्द महत्त्वाचा. दिल्ली उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१९मध्ये फेरिद अलानी प्रकरणात स्पष्ट केले, की शोधात संगणक प्रोग्राम आहे म्हणून अर्ज सरसकट फेटाळता येत नाही. त्यातून काही तांत्रिक परिणाम साधतो का, हे पाहावे लागते. त्यामुळे भारतातही दार बंद नाही, फक्त अरुंद आहे.

आणखी दोन गोष्टी लक्षात ठेवण्यासारख्या. पेटंट देशापुरते असते. अमेरिकेतील पेटंट भारतात आपोआप लागू होत नाही, पण इथे बनवलेले अ‍ॅप अमेरिकेत विकायचे असेल, तर तिथले पेटंट आड येऊ शकते. दुसरे म्हणजे मुदत. भारतात पेटंट अर्जापासून २० वर्षे टिकते. अमेरिकेत जून १९९५च्या आधीच्या अर्जांना मंजुरीपासून १७ वर्षे किंवा अर्जापासून २० वर्षे, यातील जास्त असेल ती मुदत लागू होती. या हिशेबाने १९९८मध्ये मिळालेल्या बेअर्ड यांच्या पेटंटची मुदत फार तर २०१५पर्यंत होती. म्हणजे सदोष नमुने बनवण्याची मूळ पद्धत आता सर्वांना खुली आहे.

मराठीचा प्रश्न वेगळा कसा?

पद्धत खुली झाली, तरी ती चालवायला मूळ नमुने लागतात. बिघडवण्यासाठी आधी अक्षर तर हवे. मराठीचे घोडे इथे अडते.

देवनागरी हस्ताक्षरासाठी सर्रास वापरला जाणारा एक खुला संग्रह नेपाळी संशोधकांनी २०१५मध्ये मांडला. त्यात ४६ प्रकारची ९२ हजार चित्रे आहेत, प्रत्येकी दोन हजार. त्यात ३६ व्यंजने आणि १० अंक आहेत. 'क्ष', 'त्र', 'ज्ञ' आहेत. 'ळ' नाही. नेपाळीच्या वर्णमालेच्या दृष्टीने ही उणीव नाही. पण केवळ या संग्रहावर शिकलेल्या यंत्रासमोर 'शाळा', 'बाळ', 'सांगोळे' असे शब्द आले, की त्याला 'ळ'च्या जागी दुसरे कुठले तरी अक्षर बसवावे लागणार. त्याच्या जगात 'ळ' अस्तित्वातच नाही. उपलब्ध अक्षरे कितीही वाकवली-ताणली, तरी त्यातून 'ळ' तयार होत नाही.

हीच गोष्ट 'दऱ्या', 'सुऱ्या'मधल्या चंद्रकोरीसारख्या 'र'ची. 'श' आणि 'ल' यांचे मराठी वळण हिंदीपेक्षा वेगळे, त्यांचीही तीच गत. काना, मात्रा, वेलांटी आणि जोडाक्षरे त्या संग्रहात नाहीत. भरभर लिहिताना शिरोरेषा तुटक देणारे किंवा मुळीच न देणारे हात महाराष्ट्रात पुष्कळ आहेत. शिरोरेषेवरून शब्द तोडणारी प्रणाली अशा लिखाणापुढे हतबल होते.

मोडीचे आव्हान त्याहून मोठे. मोडीत अक्षरे एकमेकांना जोडून येतात आणि शब्दांमध्ये मोकळी जागा सोडलेली नसते. २०२३मध्ये कुणबी नोंदी शोधण्यासाठी नेमलेल्या न्या. (निवृत्त) संदीप शिंदे समितीच्या कामात मोडी वाचणाऱ्यांची निकड सगळ्या राज्याला दिसली. जुन्या दस्तांचे स्कॅनिंग झाले, तरी वाचणारे थोडेच आहेत. अशा ठिकाणी मोजक्या खऱ्या नमुन्यांवरून कृत्रिम नमुने तयार करण्याची पद्धत खरोखर कामाची ठरू शकते. मात्र ते मूळ नमुने जाणकाराने अचूक वाचून, खाली देवनागरी लिहून दिलेले असायला हवेत.

पुढचा वाद कशावरून होईल?

पद्धतीपेक्षा नमुन्यांवरून होण्याची शक्यता जास्त. भारतीय कॉपीराइट कायद्यात संगणकीय माहितीसंग्रहाला साहित्यकृतीत धरले आहे. त्यामुळे हस्ताक्षरांचा संग्रह कुणी तयार केला आणि कोणत्या परवान्याखाली दिला, हे पाहावे लागते. इंटरनेटवर सापडला म्हणून तो व्यवसायासाठी मोफत असतोच असे नाही. विद्यार्थ्याच्या प्रकल्पाला चालणारा संग्रह स्टार्टअपच्या उत्पादनाला चालेलच असेही नाही.

शिवाय हस्ताक्षर कुणाचे तरी असते. उत्तरपत्रिका, अर्ज, चिठ्ठ्या यांत नाव, पत्ता, सही असते. वैयक्तिक डिजिटल डेटा संरक्षण कायदा, २०२३ नुसार अशी माहिती वापरताना सर्वसाधारणपणे संमती लागते आणि १८ वर्षांखालील मुलांच्या बाबतीत पालकांची. शाळेच्या वह्या स्कॅन करून 'ळ' गोळा करण्याआधी या अटींचा विचार करावा लागेल.

मराठी हस्ताक्षरांचा मोठा, परवाना स्पष्ट असलेला आणि सर्वांना वापरता येईल असा संग्रह विद्यापीठे, शासनाचा भाषा विभाग किंवा महाविद्यालये एकत्र येऊन तयार करू शकतात. त्यासाठी वेगवेगळ्या जिल्ह्यांतील, वयोगटांतील लोकांकडून संमतीने लिहून घ्यावे लागेल. त्यात सुवाच्य अक्षराला बक्षीस नसेल. ज्यांचे अक्षर पाहून गुरुजींनी कायम नाक मुरडले, त्यांचेच नमुने इथे सर्वांत उपयोगी पडतील.